समुपदेशनाला गेलेली मुलगी

प्लंबरने लेकीला फोन लावला, तो वसतिगृहातल्या तिच्या मैत्रिणीने उचलला. "काका, ती समुपदेशनाला गेलीय. फोन खोलीतच राहिला," एवढं सांगून तिने ठेवूनही दिला.

घरातून कॉलेजात गेलेली ही पहिलीच पोर. तिथे समुपदेशन कशाला लागतं हे सांगणारं कुणी नव्हतं. बहिणीच्या घटस्फोटात मात्र हा शब्द प्लंबरने ऐकला होता. ती बहीण शेजारीच भाजी निवडत होती.

"समुपदेशन?" तिचे हात थांबले. "दादा, ते नवरा-बायकोचं पटेनासं झालं की करतात."

"पण तिचं लग्न कुठं झालंय?"

"आपल्याला कुठं सांगितलंय, असं म्हण."

लेकीची आई मटकन खाली बसली. मग एकेक गोष्ट जुळत गेली. पोरगी हल्ली फोन उचलत नव्हती. सुट्टीत आली ती गप्प गप्प. आणि वाळली होती किती!

"सासुरवास," आत्याने निकाल दिला.

मिळेल त्या बसने तिघं तासाभरात कॉलेजात पोचले. समुपदेशन कक्षाबाहेरच्या बाकावर लेक मान खाली घालून बसली होती. शेजारी एक दाढीवाला पोरगा, हातात तिची पाण्याची बाटली. नव्या मुलांच्या सोबतीला कॉलेजने नेमलेला सीनियर होता तो.

"तूच का तो?" प्लंबरने विचारलं.

"हो काका." पोरगा अदबीने उभा राहिला. "हिची जबाबदारी माझ्याकडेच आहे."

"नीट सांभाळतोस का?"

"दर आठवड्याला भेटतो की."

"आठवड्याला?" आत्या कडाडली. "आणि बाकीचे दिवस?"

"बाकीच्यांना बघावं लागतं. माझ्याकडे अजून चार मुली आहेत, दोन मुलगे."

"अगं बाई, सहा लेकरं!" आई किंचाळली. प्लंबरने पोराची कॉलर धरली. पाना फिरवणारा हात तो; पोराच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

"बाबा, सोडा त्याला! मी नापास झालेय. सगळ्या विषयांत!"

"आणि लग्न?"

"कुणाचं?"

आरडाओरडा ऐकून समुपदेशक बाई बाहेर आल्या आणि त्यांनी सगळा उलगडा केला. प्लंबर मोठ्याने हसला. "फक्त नापास! अगं, मग सांगायचंस ना!" आईने डोळे पुसले. आत्या जराशी हिरमुसली.

लेक हसली नाही. "सकाळी उठूच नये असं वाटायचं, बाबा. वर्गात जाणं सोडलं. परवा गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसले होते. यानेच खाली आणलं."

प्लंबरचं हसू जागच्या जागी विझलं. बसमध्ये त्याने घोकून ठेवलं होतं ते सगळं लग्नाबद्दल होतं. त्याने पोराची चुरगळलेली कॉलर सरळ केली.

"तू काय बोलतोस रे हिच्याशी?"

"विशेष काही नाही, काका. जेवलीस का, एवढंच विचारतो. मग तीच बोलते."

प्लंबर लेकीशेजारी बाकावर टेकला. दोनदा घसा खाकरला.

"जेवलीस का?"

"नाही," लेक म्हणाली, आणि मग बोलतच राहिली.