मीठ निरीक्षकाचा घोडा

शालन भोईर ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत लिपिक होत्या. त्यांच्या टेबलाला काम एकच: घोड्याच्या चाऱ्यासाठी मंजूर झालेले चारशे बारा रुपये एकतीस मार्चच्या आत खर्ची टाकणे. इंग्रजांच्या अमदानीत कोलशेतच्या मिठागरांवर कर वसूल करणारा साहेब, म्हणजे मीठ निरीक्षक, घोड्यावरून फिरत असे. साहेब गेला, करही गेला. चारा तेवढा राहिला.

यंदा सबनीस नावाचे नवे लेखापरीक्षक आले.

"मॅडम, घोडा कुठाय?"

"साहेब, तो शंभर वर्षांपूर्वीच गेला असणार."

"मृत्यूचा दाखला?"

दाखला नव्हता.

"म्हणजे जिवंत आहे. सोमवारी हजर करा. नाहीतर टेबल बंद आणि तुमची बदली."

बदली शालनबाईंना परवडणारी नव्हती. लेक दहावीला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्या तडक कोलशेतला, माहेरी गेल्या. चुलतभाऊ भिवाकडे वरातीचं जनावर होतं.

"भिवादादा, एक दिवस घोडा दे रे."

"आगो, माजी घोरी हाय, घोरा नाय. न ती ब्यांड वाजल्याबिगर पाय उचलत नाय."

"मग बँडपण आण!"

सोमवारी कचेरीच्या आवारात घोडी वाजतगाजत आली. शिपायाला राहवलं नाही, तो नाचला. सबनीसांनी गंभीरपणे शेरा लिहिला: 'वय अंदाजे एकशे चाळीस. प्रकृती उत्तम. घोड्याची घोडी झाल्याबाबत शुद्धिपत्रक काढावे.' मग चष्मा पुसत म्हणाले, "पण हिच्यावर बसतं कोण? स्वाराशिवाय घोडी म्हणजे सरकारी मालमत्तेचा अपव्यय."

म्हणून मीठ निरीक्षकाचं पद भरलं. निरीक्षक नुसता बसून राहू लागला, म्हणून त्याला वसुलीचं उद्दिष्ट दिलं. मिठागरांच्या जागी आता टॉवर उभे होते, म्हणून घरोघरच्या लोणच्यावर नि पापडावर 'लवण उपकर' बसवला. बँड आकस्मिक खर्चात गेला. शालनबाईंची बदली टळली; उलट हाताखाली दोन माणसं मिळाली.

बिलं घरोघर पोचली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना धास्ती होती. नौपाड्यापासून डोंबिवलीपर्यंत लोक खवळणार, मोर्चा येणार! सकाळी दहाला त्यांनी भीतभीत भरणा खिडकी उघडली. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती.

"कुणाची काही हरकत आहे का?" त्यांनी चाचरत विचारलं.

"आहे!" रांगेतून सातवा माणूस ओरडला. शालनबाईंनी खिडकीची कडी धरली.

"आगाऊ भरला तर सूट किती?"

तो माणूस कोण, ते इथे सांगत नाही. पावती तुमच्याच खिशात आहे.