ही कॉलर कोणी धुतली?

आमच्या शेजारचे तुस्कानो अंकल कुठलंही जुनं चित्र पाहिलं की चित्रकाराच्या नावाकडे ढुंकूनही बघत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात, चित्रातल्या माणसाच्या गळ्याशी नाक नेतात आणि विचारतात, "ते सगळं ठीक आहे. पण ही कॉलर कोणी धुतली?"

अबू धाबीच्या म्युझियममध्ये त्यांनी हाच प्रश्न तिथल्या गाईड मुलीला विचारला, तेव्हा मी त्यांना ओळखत नसल्यासारखी छताकडे बघत उभी होते. मुलगी बिचारी गोंधळून म्हणाली, "सर, वी डोन्ट हॅव दॅट इन्फर्मेशन." अंकल जिंकल्यासारखे माझ्याकडे वळले. आता ओळख दाखवणं भागच होतं. "बघा वैनी! सरदाराचं नाव आहे, पेंटरचं नाव आहे, त्या कुत्र्याचंसुद्धा नाव आहे. धुणारीचं नाव? खलास!"

अंकल मूळचे वसईचे. दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमधले सगळ्यात जुने भाडेकरू. दिवसभर देराच्या कार्गो ऑफिसात बसून कंटेनर इकडचे तिकडे करतात, पण मनाने राहतात पंधराशे सालातल्या इटलीत. रेनेसाँ, म्हणजे युरोपातलं ते प्रबोधन, आपण शाळेत शिकलो आणि पेपर झाल्यावर विसरलो. अंकल विसरले नाहीत. आणि त्यातले कलावंत, सरदार, पोप गेले उडत, त्यांना हवीत साधी माणसं. ती काय खायची, आंघोळ कधी करायची, उशीत काय भरायची.

हे वेड आलं आडनावातून. तुस्कानो म्हणजे तुस्कानीचा, असं कोण्या इटालियन कॅप्टनने त्यांना सांगितलं. झालं! आपला मूळपुरुष इटलीहून जहाजात बसून थेट वसईला उतरला, याबद्दल अंकलना तेव्हापासून तिळमात्र शंका नाही. त्यांची बायको फेल्सी आंटी भर पाहुण्यांत या जहाजाला भोक पाडायच्या. "अहो, बाप्तिस्म्याला जो फिरंगी उभा राहिला, त्याचं आडनाव चिकटलं आपल्या लोकांना. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या केळी लावली. तुस्कानीत केळी होतात काय?"

"हवामान बदलतं, फेल्सी," अंकल शांतपणे म्हणायचे.

त्यांना जेवायला बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं. बटाटेवडे केले तर, "पंधराशे सालात तिथे बटाटा नव्हता, वैनी." टोमॅटोचं सार वाढलं तर, "टोमॅटोपण नव्हता." मिरचीचं तर नावच काढायचं नाही. एवढं सांगून झालं की गृहस्थ चार वडे सहज संपवायचे. एकदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यांनी त्या काळच्या गरिबांसारखं जेवायचं ठरवलं. शिळा पाव कडधान्याच्या कढणात भिजवून खायचा. इथे पाव म्हणजे खुबूस. ती मोठी गोल रोटी शिळी करून त्यांनी काबुली चण्याच्या पाण्यात बुडवली. दुसऱ्याच संध्याकाळी वाटी घेऊन आमच्या दारात हजर. "वैनी, थोडं लोणचं द्या. आंटीला सांगू नका."

मी अर्थात लगेच सांगितलं. आंटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "बाय, पाचशे वर्षांमागची कॉलर दिसते यांना. स्वतःची कोण धुतं, विचार एकदा."

अंकलची कॉलर आमच्या लिफ्टमधली सगळ्यात पांढरी वस्तू होती. आंटी मोरीत पाटावर बसून ती हाताने घासायच्या, मग नीळ. घरात मशीन होतं, पण त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "मशीन कपडे भिजवतं, बाय. धुतो तो हात."

मग आंटी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वसईला बहिणीकडे गेल्या. ऑपरेशन चांगलं झालं, काठी घेऊन चालायला लागल्या, पण परत यायचं नाव काढीनात. मी फोन केला तर म्हणाल्या, "इथे दारावरनं जाणारा प्रत्येक माणूस हाक मारतो, बाय. तिथे काय आहे? पंधराशे साल!"

इथला नियम सगळ्यांना पाठ असतो. सहा महिने देशाबाहेर राहिलं की व्हिसा गेला. महिने सरत होते. अंकलना विचारलं तर, "येईल हो, इन्शाल्ला," आणि लगेच उशीतल्या पेंढ्यावर गाडी. बायकोला ये म्हणणं त्यांना जमत नव्हतं. आमच्या गॅलऱ्या लागून आहेत, त्यामुळे फोनवरचा संसार मला फुकट ऐकू यायचा. "फेल्सी, त्या काळी अख्ख्या आळीत एकच भट्टी असायची हां. सगळ्या बाया तिथेच पाव भाजायला न्यायच्या." मग, "हो. जेवलो. हो." आणि फोन ठेवला की गॅलरीतच उभे. त्यांची कॉलर पिवळी पडत चालली होती. मला फार वाईट वाटायचं, पण त्यांना काय सांगणार?

त्यातच माझ्या मुलीच्या, इराच्या, शाळेत रेनेसाँ डे निघाला. त्या काळातलं एक माणूस व्हायचं आणि स्टेजवर बोलायचं. इराला डचेस व्हायचं होतं. मी तिला मदतीसाठी अंकलकडे पाठवलं. मुद्दामच पाठवलं, म्हटलं तेवढाच जीव रमेल त्यांचा.

"क्लासमध्ये डचेस किती?" अंकलनी विचारलं.

"एट, अंकल."

"आणि त्या आठ जणींचे कपडे कोण धुणार?"

इरा पाय आपटत घरी आली. "आई, अंकल वॉन्ट्स मी टु बी अ धोबी! आय विल डाय!" मरण्याचा कार्यक्रम दोन दिवस चालला. मग अंकलनी जुन्या चादरीचा झगा शिवून आणला आणि धोपटणं दाखवलं. मनसोक्त बडवायला मिळतंय म्हटल्यावर पोरगी खूश झाली. राखेच्या पाण्यात कपडे कसे घालायचे, नदीकाठच्या दगडावर कसे आपटायचे, सगळी तालीम आमच्या बाथरूममध्ये झाली. अडलं एकाच ठिकाणी. "अंकल, व्हॉट इज हर नेम?"

म्युझियमकडे नाव मागणाऱ्या माणसाने चष्मा कपाळावर चढवला. "सांगतो," म्हणाले. "यल्ला, आता धोपट."

कार्यक्रमाला अंकल माझ्या शेजारी बसले. फोन स्टेजकडे धरलेला, फोनमध्ये वसईहून फेल्सी आंटी. आठ डचेस येऊन गेल्या. मग झग्यातली इरा बादली घेऊन आली आणि तिने असं काही धोपटलं की पहिली रांग मागे सरकली. सगळा हॉल हसला. ती इंग्रजीतच बोलली, की हे चित्र कोणी काढलं ते तुम्ही सगळे विचारता, ही कॉलर कोणी धुतली ते कोणीच विचारत नाही. "आय डिड," ती म्हणाली. "माय नेम इज फेल्सी."

मी चमकून अंकलकडे पाहिलं. ते स्टेजकडे बघतच नव्हते. त्यांनी फोन स्वतःकडे वळवला होता आणि त्यात डोळे लावून बसले होते. फोनमध्ये काही हलेना. मला वाटलं नेट गेलं.

"कॉलर दाखवा," फोन एकदम बोलला.

"काय?"

"तुमची कॉलर."

अंकलनी फोन गळ्याशी नेला.

"शी! ही घालून भरसभेत बसलात? नाक कापलंत माझं!"

अंकलकडे प्रत्येक गोष्टीला सोळाव्या शतकातलं उत्तर तयार असतं. त्या दिवशी त्यांनी ते शतक बाजूला ठेवलं. "फेल्सी," ते म्हणाले, "ये गो आता." त्याच कॉलरला त्यांनी डोळे पुसले, आणि मला पर्समध्ये रुमाल सापडेना.

व्हिसा जायला थोडेच दिवस उरले असताना आंटी आल्या. त्या रविवारी मी दोघांना वडे खायला बोलावलं. आंटी खुर्चीत काठी टेकवून बसल्या. अंकलच्या शर्टाकडे माझं लक्ष गेलं. कॉलर पिवळी नव्हती, पांढरीही नव्हती. चक्क आभाळासारखी निळी होती. मला राहवलं नाही.

"अंकल, ही कॉलर कोणी धुतली?"

अंकल लाजले. हातातला वडा खाली ठेवला. "मी," म्हणाले. "नीळ जरा जास्त झाली. तिला आता खाली बसवत नाही ना."

आंटींनी डोळे बारीक केले. "काय हो, पंधराशे सालात पुरुष धुवायचे काय?"

"नव्हते धुवत," अंकल म्हणाले. "चुकलं त्यांचं."