पास्कलकाकांचे पाय

नोव्हेंबरात दोह्याची हवा सुखाची होते, पण माकडटोपी घालावी अशी थंडी काही पडत नाही. आमचे शेजारी पास्कलकाका मात्र त्या महिन्यात घरात माकडटोपी, स्वेटर आणि पायमोजे घालून वावरायचे. एसी सोळावर. नजमातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये त्यांचा फ्लॅट आमच्या समोरच. त्यांचं दार उघडलं की पॅसेजमध्ये गार झोत यायचा आणि पाठोपाठ ओरडा, "अनघा, दार लाव! लोणी विरघळलं की खलास!"

काका वसईचे. शेजारच्या लुसैल शहरातल्या टॉवरांना थंडगार ठेवणाऱ्या एका मोठ्या प्लांटमध्ये इंजिनियर. "थंडी ही आपली लाइन आहे," असं छाती काढून सांगायचे. आमच्याशी बोलताना शाळेच्या पुस्तकातलं मराठी. फोनवर वसईच्या बहिणीशी सुरू झाले की माझ्यासारख्या नाशिककरणीच्या हाती चारातला एक शब्द लागायचा.

आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी त्यांनी माझ्या नवऱ्याला लिफ्टमध्ये गाठलं आणि म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी या. माझे पाय खायला." नवरा चेहरा पाडून घरी आला. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात बकऱ्याच्या पायांचा रस्सा मिळतो, तसलंच काही असणार. आम्ही शाकाहारी. नम्रपणे नाही म्हणायला मी गेले, तर ओट्यावर लाल भोपळ्याचा लगदा, दालचिनी आणि मैद्याची भली थोरली पारी.

"पाय म्हणजे अमेरिकन पाय गं! गोड असतो. अंडं चालतं ना? मग बस."

अमेरिकेत नोव्हेंबर संपता संपता एका गुरुवारी सगळं कुटुंब एकत्र जेवतं आणि वर्षभरात जे पदरात पडलं त्याबद्दल आभार मानतं. वसईच्या माणसाच्या घरात हा सण शिरला तो सुनेमुळे. काकांच्या मुलाने, ग्लेनने, इथल्याच एका शाळेत शिकवणाऱ्या केलीशी लग्न केलं होतं. केली मिनेसोटाची. तिला वाचायला पुस्तक द्या, पळायला रस्ता द्या; स्वयंपाकघर मात्र नको. पाय करायची तिची आई, तिकडे मिनेसोटात. इथे काकाच अंदाजाने करून बघायचे.

काकांची बायको लोर्नाकाकू आजारी पडल्या तेव्हा ग्लेन कामासाठी सतत बाहेरगावी. शाळा सुटली की केली यायची. काकूंना आंघोळ घालायची, औषधांनी विरळ झालेले केस हलक्या हाताने धुवायची. काका मोरीच्या बाहेर टॉवेल घेऊन उभे. आत जायचा त्यांना धीर होत नसे.

काकू गेल्या. पुढे ग्लेन आणि केलीचंही मोडलं. ग्लेन दुसरं लग्न करून कॅनडाला गेला, केली लेकीला, टेसाला, घेऊन लुसैलला राहायला गेली. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दोघी काकांकडे यायच्या. आम्हाला वाटलं, आता कसला सण? पण त्याच वर्षी काकांनी स्वेटर चढवला, अंदाज सोडला आणि पहिल्यांदाच मिनेसोटाला व्हिडिओ कॉल लावला.

"विहीणबाई, पारीला लोणी किती?"

तेव्हापासून दर नोव्हेंबरात ही शाळा भरू लागली. काकांचं इंग्रजी वसईच्या वळणाचं, बाईंचं नाकातलं. दोघांना एकमेकांचं निम्मं कळायचं, उरलेलं भांड्यांच्या खुणांनी. लाटणं फ्रीझरमध्ये ठेवायचं, सारण घालण्याआधी पारीवर वजनाला कोरडा राजमा पसरून ती भाजून घ्यायची, असं ज्ञान काकांनी तिथूनच मिळवलं. 'विहीणबाई' हे आपलं नावच आहे असं समजून बाईही खुशीत 'ओ' द्यायच्या.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, पण आता त्या तुमच्या विहीण..."

"लग्न मोडलं," काका लाटणं न थांबवता म्हणाले. "विहीण थोडीच मोडते?"

गेल्या वर्षी सणाच्या आदल्या संध्याकाळी मी मदतीला गेले होते. कॉल लागला. एरवी बाई त्यांच्या ओट्यापाशी उभ्या असायच्या. त्या दिवशी नुसता चेहरा दिसत होता, आणि मागे उशी.

काकांनी माकडटोपी काढली. "विहीणबाई, काय झालं?"

बाईंनी आधी टाळलं, मग सांगितलं. बर्फावरून घसरल्या होत्या. कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं होतं, पण उठता येत नव्हतं. शेजारीण सकाळ-संध्याकाळ डोकावून जायची. केलीला काही कळवलं नव्हतं. तिच्याशी बोलताना सर्दीचं कारण सांगून कॅमेरा बंद ठेवायच्या.

"ती सगळं सोडून इथे निघून येईल," त्या म्हणाल्या. "पास्कल, तिला सांगणार नाहीस असं वचन दे."

काकांनी दिलं. कॉल संपला. ते ओट्याशी उभे राहिले. समोर लोणी मऊ पडत होतं. काका काही ओरडले नाहीत.

"मी गप्प बसलो," ते म्हणाले, "तर सगळं जसंच्या तसं राहील. दर शुक्रवारी टेसा येत राहील, केली येत राहील. कुणाला काही कळणार नाही."

"तुम्ही वचन दिलंय, काका."

"हो ना."

गुरुवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. केली, आठ वर्षांची टेसा, आम्ही दोघं आणि काका. मधोमध दोन पाय, एक भोपळ्याचा, एक सफरचंदाचा. भोपळ्याच्या पारीला एका बाजूने तडा गेला होता. केलीने प्रार्थना म्हटली. मग एकेकाने आभार मानायचे. टेसाने शाळेतल्या मांजराचे मानले. मी भारतातल्या आईच्या तब्येतीचे. काकांची पाळी आली की ते दरवर्षी "थँक्यू एसी" म्हणून सगळ्यांना हसवायचे. टेसा आधीच हसायला लागली.

काका उभे राहिले. "केली," ते इंग्रजीत सावकाश बोलू लागले, "माझ्या लोर्नाचे केस तू धुतलेस. मी देवाचे आभार मानले. तुझे मानले नाहीत. तोंडच उघडलं नाही."

केली म्हणाली, "पापा, असू दे."

"थांब. तुझी आई पडली आहे. हाड मोडलंय. अंथरुणात आहे, एकटी आहे. तुला सांगू नको म्हणाली. मी कबूल केलं होतं. पण तू माझ्या माणसाला सांभाळलंस आणि तुझं माणूस मी तुझ्यापासून लपवून ठेवू? ते मला जमणार नाही. तू जा."

केलीने काटा खाली ठेवला. तिने तिथेच आईला फोन लावला आणि कॅमेरा सुरू करायला लावला. पाच-सात मिनिटं माय-लेकी नुसत्या रडत होत्या. मग बाईंनी काकांना बोलावलं. "पास्कल, तू शब्द मोडलास."

"हो, विहीणबाई," काका म्हणाले. "मोडला."

बाई पुढे काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही, काकांनाही कळलं नसावं. पण ते फोन धरून मान हलवत राहिले.

शाळेचं पहिलं सत्र संपल्यावर, डिसेंबरात, केलीने नोकरी सोडली आणि ती टेसाला घेऊन आईकडे निघाली. एअरपोर्टवर मीच सगळ्यांना गाडीतून नेलं. टेसा काकांच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "Grandpa, come soon." मराठी कळायचं तिला, बोलायची नाही. काका म्हणाले, "इन्शाल्ला, बाय." केलीने त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि ती आत गेली.

परतताना गाडी नजमाकडे वळवणार, तेवढ्यात काका म्हणाले, "घरी नको गं लगेच. जरा लांबून ने."

मी समैस्माला गेले. दुपारची वेळ, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. ओहोटी होती, पाणी लांब मागे गेलेलं. आम्ही गाडीतच बसलो. मी एसी लावायला हात पुढे केला, तर त्यांनी नको म्हणून खूण केली आणि काच खाली केली.

"बरं केलं ना मी, अनघा?"

"हो काका. खूप बरं केलंत."

त्यांचा हात स्वेटरच्या वरच्या बटणाकडे गेला.

"मग बरं का वाटत नाही गं?"