उभं राहू नका

"एवढंच लक्षात ठेवा वन्सं," वहिनी पायांत चपला सरकवत म्हणाली, "आई गळ्यात मापाचा टेप घालून आल्या की त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही. बसून राहायचं."

लेकीला हसू आलं. सख्ख्या आईपुढे उठायचं-बसायचं कसं, हे आता वहिनीकडून शिकायचं. भावाच्या घरी राहणाऱ्या आईला फारसं काही झालेलं नाही, घरातलेच सारखं 'विसरलात, विसरलात' करून तिला घाबरवून टाकतात, असं तिचं फोनवरचं निदान होतं. शेवटी वहिनी शांतपणे म्हणाली होती, "मग एक दुपार तुम्ही सांभाळा. मला पोहायला जायचंय." ती दुपार आज उजाडली होती. वहिनीने पिशवीत टॉवेल कोंबला आणि शाळा सुटल्यासारखी जिना उतरून गेली.

आईने हयातभर याच पुढच्या खोलीत बायकांचे कपडे शिवले होते. डोक्यातलं सगळं पुसट व्हायला लागलं, तसं यंत्र गेलं, कात्री कुलपात गेली. टेप आणि टाचण्यांची डबी मात्र वहिनीने राहू दिली होती. ती लपवली की आई दिवसभर तीच शोधत फिरे.

लेक खिडकीशी उभी होती. मागून टेप तिच्या कमरेभोवती आला.

"आई, अगं मी आहे. तुझी मुलगी."

"माझी मुलगी शाळेत गेलीय," आई टेप वाचत म्हणाली. "आणि ती तुमच्या निम्मी आहे. हात वर करा."

लेकीने समजावून पाहिलं, लहानपणच्या आठवणी काढल्या, झाडावरून पडल्याचा दंडावरचा वण दाखवला. आईने तो नीट निरखला आणि बाही जरा लांब ठेवू म्हणाली.

मग कापड. हाताशी खिडकीचा नवा निळा पडदा होता. आईने तो लेकीच्या खांद्यावरून पुढे घेतला आणि भराभर टाचण्या लावल्या, मुंढ्याला, कमरेला, पाठीवर. बोटं काही विसरली नव्हती. एकही टाचणी टोचली नाही. फक्त पडदा अजून दांडीलाच होता आणि टाचण्या लेकीच्या कुडत्यातूनही गेल्या होत्या. लेक आता खिडकीला जोडली गेली होती.

काम होत आलं की आई लांबून बघे, खूश होई, आणि "या, माप घेऊ," म्हणून पुन्हा कमरेपासून सुरुवात करी. रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याने मान वर करून काही मदत हवी का, विचारलं. लेकीने तोंड उघडायच्या आत आईने, इथे पुरुषांचे कपडे शिवत नाहीत, असं सांगून त्याला वाटेला लावलं.

टेबलावरचा फोन वाजला. वहिनीचं नाव दिसत होतं. लेक झेपावली, तशी दांडी भिंतीतून निघाली आणि जुवासारखी तिच्या मानेवर येऊन बसली. वळावं तर एका टोकाला कपाटाची काच, दुसऱ्या टोकाला आई. फोन आईने उचलला. "दुकान चालू आहे. गिऱ्हाईक उभं आहे," म्हणाली आणि ठेवून दिला.

आता वहिनी धावत येईल, या आशेवर लेक उभी राहिली. वहिनी येईना. पाय भरून आले, तसा वाद घालायचा उत्साहही ओसरला.

"तुमची मुलगी कशी आहे हो?" तिने विचारलं.

"हट्टी," आई टाचणी ओठांतून काढत म्हणाली. "पण समोर उभी असली की माझा हात बरा चालतो."

लेकीने मान ताठ केली. जूसुद्धा जरा हलकं वाटलं.

वहिनी आली ती ओल्या केसांनी, गुणगुणत. नणंदेला पाहून तिने पिशवी खाली ठेवली आणि एकेक टाचणी काढायला घेतली.

"फोन केलास ना तू? आई काय म्हणाली ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं की." वहिनीने टाचणी डबीत टाकली. "म्हटलं, आई कामात आहेत आणि तुम्ही काही कुठे जात नाही. मग परत पाण्यात उतरले."

आईने पडद्याची सुरेख घडी केली. "मंगळवारी ट्रायलला या," तिने लेकीला बजावलं.

मंगळवारी लेक आली. आल्याआल्या टॉवेलची पिशवी तिने स्वतःच वहिनीच्या हातात दिली. आई टेप घालून पुढे आली आणि तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"पहिल्यांदाच येताय?"

"हो," लेक म्हणाली, खिडकीपासून चार हात लांब जाऊन उभी राहिली आणि हात वर केले.