करकोच्यांचा दुसरा पाय

एका जंगलात, मुलांनो, आम्ही राहत होतो. आम्ही म्हणजे करकोचे. पांढरे पंख, लाल चोच, लाल पाय आणि कमरेला लाल पट्टा. बाकी सगळं देवानं दिलेलं. पट्टा मात्र आमचा आम्ही बांधला, कारण आम्ही सगळेच सरदार होतो.

सगळेच सरदार, मग काम कोण करायचं, असं तुम्ही विचाराल. हुशार आहात. आम्हाला हा प्रश्न पडायला दोनशे वर्षं लागली.

हे जंगल व्हिस्टुला नावाच्या नदीकाठी होतं. इतिहासाच्या पुस्तकात त्याच काठावर पोलंड नावाचा देश सापडतो. तिथल्या माणसांचा या गोष्टीशी काहीही संबंध नाही. असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

मला मराठी कशी येते, तेही सांगून टाकतो. मी हिवाळ्यात भिगवणच्या पाण्यावर येतो. पक्षीतज्ज्ञ म्हणतात की आमच्या भागातले करकोचे इकडे येतच नाहीत. बरोबर आहे. मी वाट चुकलो. वाट चुकणं आमच्याकडे पिढीजात आहे.

तर आमच्या जंगलात एक मोठी प्रथा होती. वर्षातून एकदा जुन्या ओकच्या झाडाखाली सभा भरायची. सगळ्यांनी एका पायावर उभं राहायचं. ठराव मान्य असेल तर तसंच उभं राहायचं. मान्य नसेल तर दुसरा पाय टेकवायचा आणि म्हणायचं, "मला मान्य नाही!"

एकानं जरी पाय टेकवला, तरी सभा मोडली. मग तो ठराव रद्द, आधीचे ठरावही रद्द. सगळ्यांनी पाय टेकवायचे आणि घरी जायचं. याला आम्ही स्वातंत्र्य म्हणत होतो. शेजारची जनावरं याला काय म्हणत, ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

पाय टेकवण्यात हणगोजीराव लांबचोचे यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एरवी सज्जन गृहस्थ. फक्त शेजारच्या सुभानरावांचं घरटं त्यांच्या घरट्यापेक्षा वीतभर उंच होतं, आणि ही वीत त्यांच्या छातीत रुतून बसली होती.

एका वर्षी उत्तरेचं अस्वल आमच्या हद्दीतल्या झाडांवर नखं घासू लागलं. सुभानरावांनी सभेत ठराव मांडला, "हद्दीवर काटेरी कुंपण घालू या."

आम्ही सगळे एका पायावर स्तब्ध. ठराव होणार, असं वाटलं.

"मला मान्य नाही!" हणगोजीरावांचा पाय चिखलात पचकन टेकला.

"अहो, का?" सुभानराव कळवळले.

"कुंपणाला माझा विरोध नाही. तुम्ही ते सुचवण्याला आहे."

सभा मोडली. आम्ही घरी गेलो. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. तेही खरं तर ठरलं नाही, कारण सभा मोडली होती.

पुढच्या वर्षी अस्वल आलं. पश्चिमेकडून लांडगा आला. दक्षिणेकडून रानडुक्कर आलं. तिघं म्हणाले, "तुमच्याकडे फार गोंधळ आहे. आम्ही जरा व्यवस्था लावतो." त्यांनी जंगलाचे तीन तुकडे केले. ओकचं झाड अस्वलाच्या वाट्याला गेलं आणि झाडासोबत आम्हीही.

आम्ही लढलो हो! लढलो नाही असं कोणी म्हणू नये. शौर्य आमच्यात भरपूर. फक्त ते वेळेवर येत नाही.

मग अस्वलाचं राज्य सुरू झालं. जंगलाचं नाव गेलं. त्याला 'नदीकाठचा ओलसर विभाग' म्हणायचं, असा हुकूम निघाला. त्यानंतरचा हुकूम त्याहून वाईट होता. चोच वाजवायची नाही.

मुलांनो, आम्हाला गळ्यातून आवाज काढता येत नाही. आम्ही चोच वाजवून बोलतो. खट खट खटाखट. हीच आमची भाषा. यातच आमची भांडणं, यातच अंगाई. अस्वलाच्या शाळेत पिल्लांना गुरगुरायला शिकवू लागले. बिचारी पिल्लं घशात पाणी धरून गुळण्या करत. मास्तर त्यांना गुण देत.

आम्ही पेटून उठलो. लाल पट्टे काढून काळे बांधले. भाषा वाचवण्यासाठी गुप्त बैठका सुरू केल्या. बैठकांत भाषणं इतकी सुंदर होत की आम्ही रडत असू. दर पाव शतकाला आम्ही बंड करत असू आणि बंड झाल्यावर त्याची योजना आखत असू. पकडले गेलेले उत्तरेच्या बर्फात हद्दपार होत. निसटलेले दूरच्या एका तळ्यावर जाऊन आमच्याच जंगलावर कविता करत. तिथं त्यांचे दोन पक्ष पडले. एका पक्षात तर एकच करकोचा होता, पण त्याच्यातही एकमत नव्हतं.

आता भागाबद्दल सांगायला हवं. भागा ही टिटवी. आमच्याकडच्या सगळ्या टिटव्यांसारखी चिखलात राबायची, बेडूक काढायची, आमच्या घरट्यात पोचवायची. सभेत टिटव्यांना जागा नव्हती. कशी असणार? त्यांना पट्टा नव्हता.

एका बंडाच्या वेळी मीच तिच्याकडे गेलो होतो. म्हणालो, "भागा, आपलं जंगल सोडवायचंय. चल आमच्याबरोबर."

ती चिखलातून वर न बघता म्हणाली, "आपलं म्हंजी कुनाचं, सरकार? तुमचं व्हतं तवा बेडकं मीच काढत हुते. अस्वलाचं झालं, तरी मीच काढतीया."

मला तिचा फार राग आला. काय ही अडाणी जात, असं मी त्या दिवशीच्या बैठकीत बोललोसुद्धा. त्या बैठकीपुरती माझी पिल्लं भागापाशी होती. आम्ही सगळे भाषा वाचवण्यात गुंतल्यामुळे पिल्लं तिच्याकडेच असत.

असं चाललं असताना एके दिवशी अस्वलाचा कारकून आला. कोल्हा. त्याच्याजवळ एक कागद होता.

"मंडळी," तो म्हणाला, "महाराजांची इच्छा आहे की तुम्ही स्वखुशीनं अस्वल व्हावं. फक्त एक ठराव करायचा. 'आम्ही करकोचे नसून उंच आणि सडपातळ अस्वलं आहोत.' तुमच्याच ओकखाली, तुमच्याच प्रथेप्रमाणे. बाहेरच्या जंगलांतले पाहुणे बघायला येणार आहेत. त्यांना दिसू दे, जबरदस्ती नाही ते."

"आणि ठरावानंतर?" मी विचारलं.

"लाल पट्टे पुन्हा बांधायची परवानगी मिळेल. चोच मात्र कायमची बंद. पिल्लं अस्वलांच्या गुहेत वाढतील. तुम्ही अस्वलंच ना मग!"

सभा भरली. भोवती अस्वलाचे शिपाई, पाहुण्यांसाठी बाकडी. सुभानराव सगळ्यांत वडीलधारे, म्हणून तेच बोलायला उठले.

"बंधूंनो, व्यवहार बघायला हवा," ते म्हणाले. त्यांची मान खाली होती. "नाव बदललं म्हणून पंख थोडेच गळतात? आतून करकोचे राहू."

कोणी माना डोलावल्या. कोणी म्हणालं, तसंही अस्वलांची संस्कृती प्राचीन आहे. आणि मग एकेक करत सगळ्यांनी पाय उचलला.

मीही उचलला. लपवत नाही. माझ्या पायाला त्या दिवशी भयंकर कळ लागली होती. डोळ्यांपुढे माझी पिल्लं आली, घशात पाणी धरलेली. टेकव, टेकव, असं मन सांगत होतं. समोर शिपायाची नखं दिसत होती. मी टेकवला नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, पण लाजेनं पाय खाली येत नाही.

अख्खी सभा एका पायावर उभी होती. आमच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. कोल्ह्यानं समाधानानं कागद उघडला आणि सह्या करणाऱ्यांची नावं वाचायला घेतली.

"पहिले, सुभानराव."

पचक!

"मला मान्य नाही!"

कोपऱ्यात म्हातारे हणगोजीराव दोन्ही पायांवर उभे होते.

"एकच तर आहे," कोल्हा घाईघाईनं म्हणाला. "सर्वानुमते मंजूर, असं लिहून टाकू."

पण ते ऐकायला थांबतो कोण? एकानं पाय टेकवला की सभा मोडते. आमची हाडंच तशी वळलेली. कोणी धैर्यबिर्य दाखवलं नाही. सवयीनं सगळ्यांचे पाय खाली आले, सवयीनं सगळे घरी निघाले. पाहुणे टाळ्या वाजवत होते. कागदावर एकही सही झाली नाही. आम्ही करकोचेच राहिलो.

हणगोजीरावांना बर्फाकडे नेत होते. मी शिपायांना लाच म्हणून दोन बेडूक दिले आणि त्यांना गाठलं.

"हणगोजीराव, जंगलासाठी केलंत ना हे?"

"कसलं जंगल?" ते कडाडले. "यादीत त्याचं नाव माझ्या वर? मी मेलो होतो काय?"

चार पावलं गेल्यावर ते थांबले. वळून त्यांनी एकदाच चोच वाजवली. सगळ्यांदेखत, मोठ्यानं. "आणि हे चोच वाजवणंही आपल्याला सोडवलं नसतं बुवा," ते म्हणाले.

ते परत आले नाहीत.

पुढे अस्वल, लांडगा आणि रानडुक्कर आपापसांत भांडले आणि तिघंही लोळागोळा झाले. यात आमचं कर्तृत्व किती, यावर आमच्याकडे ग्रंथ आहेत. गोष्टीतले करकोचे दीर्घायुषी असतात, म्हणून मला तो दिवस बघायला मिळाला. जंगल आमचं झालं. मी घरी धावलो आणि पिल्लांना म्हणालो, "चला, आता तुम्हाला आपली भाषा शिकवतो."

पिल्लांनी चोची वाजवल्या. खट खट खटाखट. अगदी स्वच्छ, माझ्यापेक्षा चांगली.

"कोणी शिकवलं?"

"भागामावशीनं. दोन वाळक्या काड्या आपटून."

मी भागाकडे गेलो. "तुला तर जंगल नको होतं ना?" एवढंच म्हणालो.

"जंगलाचं मला कळत न्हाई, सरकार. लेकरं रडत हुती. त्यांच्याच बोलीत निजवायला नगं का?"

मग स्वतंत्र जंगलाची पहिली सभा भरली. टिटव्यांना सभेत जागा मिळाली, शेवटच्या रांगेत. भागाही आली. ओकशेजारी हणगोजीरावांचा पुतळा होता, दोन्ही पाय घट्ट रोवलेला. त्यांनी पाय जंगलासाठी टेकवला, असं खाली कोरलं होतं. ते वाक्य मीच लिहून दिलं होतं.

ठराव एकच होता. हद्दीवर काटेरी कुंपण घालावं. अस्वल पुन्हा बाळसं धरू लागलं होतं.

सगळे एका पायावर उभे राहिले. टिटव्यासुद्धा. आता ठराव होणार, असं वाटलं. तेवढ्यात कुंपणाच्या प्रमुखाचं नाव वाचलं गेलं. ते सुभानरावांच्या मुलाचं होतं. माझं नव्हतं.

माझ्या त्याच पायाला पुन्हा कळ लागली. आता भोवती शिपाई नव्हते. कोणाची नखं नव्हती.

पचक!

"मला मान्य नाही!" मी म्हणालो.

सभा मोडली. सगळे घरी निघाले. शेवटच्या रांगेतून भागा हळूहळू माझ्यापर्यंत आली. तिनं माझ्या पायाकडे बघितलं.

"सरकार," ती म्हणाली, "ह्यो तवा टेकवायचा हुता."

तात्पर्य : एकीचं बळ फार मोठं असतं. आमच्या जंगलात सगळ्यांची एकी एकदाच झाली, अस्वल व्हायचं ठरलं तेव्हा. नशीब, एकाला यादीतला नंबर आवडला नाही.