राजमातेची बाजू

दुपारी कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन सबनीस समोर बसले आणि जर्मनांच्या 'तर मग'नं सुरुवात करून म्हणाले, "आल्झो, लुईनं आईला घराबाहेर काढलं." मी नवा होतो. म्हटलं, कोण हा लुई, गिअरबॉक्सवाला की रंगकामवाला? मग कळलं, लुई म्हणजे फ्रान्सचा राजा आणि बातमी जवळजवळ चारशे वर्षांची शिळी.

सबनीस पुण्यात हौसेनं फ्रेंच शिकले आणि नोकरी लागली जर्मनीत र्युसेल्सहाइमला, मोटारींच्या कारखान्यात. शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून ते त्या एकाच दरबाराची पुस्तकं वाचत बसतात. आमचा साहेब त्यांच्या लेखी कार्डिनल, म्हणजे राजाचा धर्मगुरू-मंत्री. "राजाला वाटतं राज्य आपण करतो. करतो हा." कुणाची बढती हुकली की, "दरबार आहे, चालायचंच." वहिनींच्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी हेच वाक्य, फक्त मनातल्या मनात.

थट्टा कुणाचीही चाले, राजमातेची नाही. "कारस्थानी होती, कबूल. पण आई होती ना त्याची?" असं म्हणून माणूस जेवण अर्धं टाकायचा. आम्ही विषय बदलायचो, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी सबनीसांच्या आई इथे आल्या होत्या. स्वयंपाकघरावरून वहिनींशी वाजलं आणि ह्यांनी तिकीट बदलून आईंनाच साताऱ्याला धाडलं. तेव्हापासून दर रविवारी हे फोन करणार आणि धाकटा भाऊ सांगणार, "आई झोपलीये."

परवाच्या रविवारी मला म्हणाले, "चला, कोलोनला जाऊ." मोठं चर्च बघायला मिळेल म्हणून मीही निघालो. हे तडक आत गेले आणि एका फरशीपाशी थांबले.

"राजमातेचं काळीज इथं पुरलंय. ह्याच गावात गेली बिचारी. पोरानं शेवटपर्यंत बोलावलं नाही."

स्टेशनवर घेतलेली शेवंती त्यांनी हळूच ठेवली. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मोबाईल लावला.

फोन चक्क आईंनी उचलला. त्यांचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता.

"कुठून बोलतोयस? घंटा कसल्या वाजतायत?"

सबनीसांनी राणीची सगळी हकिकत सांगितली, कार्डिनल वगळून.

"मग? गेलाच नाही का तो तिला आणायला?"

"नाही गं."

"आणि तू?"

एरवी हा माणूस दरबारावर तासभर बोलायचा. आता डोळे पुसत एवढंच म्हणाले, "येतो."

"ये. आणि एकटा येऊ नकोस, तिलाही आण. भांडायला मला दुसरं आहे कोण?"

परतीच्या गाडीत सबनीसांनी मला दोनदा कॉफी पाजली. घर येईपर्यंत लुईचं नावसुद्धा निघालं नाही.