भानामतीचं नाभीय अंतर

सुधाकररावांचा दाढीचा आरसा मांजरानं पाडला, तिथून हे सगळं सुरू झालं. मांजर शेजारच्या रुक्माबाईंचं होतं. म्हणजे पुढं जे काही रामायण घडलं त्यातला पहिला गुन्हा त्यांच्याच घरचा, हे सुधाकरराव आजही बायकोला ऐकवतात.

सुधाकरराव तेलंगणाच्या सीमेवर, बेल्याकडच्या एका गावात हायस्कूलवर विज्ञान शिकवायचे. गाव असं, की मोबाईल अंगणात तेलंगणात असायचा आणि ओसरीवर महाराष्ट्रात. आरसा फुटला तेव्हा त्यांची अर्धी दाढी झाली होती. उरलेल्या अर्ध्या गालावर मफलर गुंडाळून ते शाळेत गेले. दिवसभर पोरांनी विचारलं, "सार, दाढ दुखते का?" आणि सार दिवसभर हो म्हणाले.

दुपारच्या सुट्टीत त्यांना प्रयोगशाळेचं कपाट आठवलं. प्रयोगशाळा म्हणजे एकच कपाट. वरून सामान यायचं, सर सही करून ते आत ठेवायचे आणि काही फुटू नये म्हणून कुलूप लावायचे. ते फुटू नये याची काळजी इतकी, की ते आल्यापासून पोरांनी परीक्षानळीसुद्धा फळ्यावरच पाहिली होती. त्या कपाटात भाताच्या ताटाएवढा एक अंतर्गोल आरसा वर्तमानपत्रात गुंडाळून पडला होता. सरांनी तो काढला, त्यात तोंड पाहिलं आणि दचकले. नाकावरचा एकेक खड्डा विहिरीसारखा दिसत होता. दाढीला याच्याइतका चांगला आरसा दुसरा नाही!

"पाठाची तयारी करायला नेतो," असं शिपायाला सांगून त्यांनी आरसा घरी आणला आणि न्हाणीच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगला. मान जरा वर केलेली, तोंड पूर्वेला. समोर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं बुटकं कुंपण, आणि कुंपणाला लागूनच पलीकडं रुक्माबाईंची कपडे वाळत घालायची दोरी.

सर सकाळी लवकर दाढी करायचे आणि शाळेत निघून जायचे. त्यांची बायको रूपाली अंगणवाडीवर जायची. आरसा मात्र तिथंच राहायचा. त्याला कुठं ड्युटी होती?

पहिल्यांदा जळालं ते रुक्माबाईंचं जांभळं पातळ. ऐन पदरावर रुपयाएवढं काळं भोक. रुक्माबाईंनी मुलाला धरलं.

"अनुप, तू बिडी प्याले लागला का रे?"

"आई, मी तं सुपारीबी खात नाही!"

मग जळाली त्यांच्या नवऱ्याची, यशवंतरावांची, काळी पँट. तीही बरोबर बसायच्या जागी. यशवंतराव तहसिलातून गिरदावर म्हणून निवृत्त झालेले. सगळी जिंदगी जमिनीची मोजणी करण्यात आणि लोकांचे जबाब घेण्यात गेलेली. त्यांनी पँट वर धरली, भोकातून आरपार सूर्य पाहिला आणि म्हणाले, "याची तहकिकात करा लागते."

तहकिकात व्हायच्या आत एका सकाळी दोरीवरची गोधडी धुमसू लागली. जवळ चूल नाही, बिडी नाही, माणूस नाही. घागरभर पाणी ओतलं तेव्हा विझली. रुक्माबाईंनी छाती बडवली आणि साऱ्या गल्लीच्या मनात होतं ते बोलून टाकलं.

"भानामती! माह्या घरात भानामती घुसली वो!"

गावाला एवढंच हवं होतं. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला आपापल्या आजीच्या काळातली भानामती आठवली. कोणाचा अंगरखा पेटला होता, कोणाच्या घरावर गोटे पडले होते. एक गोष्ट तर सगळ्यांनीच बारकाईनं पाहिली: यशवंतरावांच्या पांढऱ्या धोतराला काहीच झालं नव्हतं. "भानामतीले पांढरं चालत नाही," असा निकाल लागला. आणि दुसरी गोष्ट कोणी मोठ्यानं बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा तिकडंच वळल्या. अनुपची बायको दीक्षा दिवाळीनंतर या घरात आली होती. तोवर या घरात साधी पणतीसुद्धा कलंडली नव्हती.

सुधाकररावांचं रक्त उसळलं. विज्ञानाचा शिक्षक शेजारी जिवंत असताना भानामती! ते यशवंतरावांच्या अंगणात गेले आणि जमलेल्या लोकांसमोर उभे राहून वर्गात बोलतात तसे बोलले.

"भानामती-बिनामती काही नसते. काळा रंग उष्णता शोषतो, पांढरा परत फेकतो. नववीतलं पोरगंबी सांगंल. हे माणसाचं काम आहे!"

"कोणाचं?" यशवंतरावांनी विचारलं.

"फॉस्फरस नावाचा पदार्थ असतो. तो कपड्याला लावला की आपोआप पेटते. हे करणारा माणूस जवळचाच आहे, आणि तो विज्ञान शिकलेला आहे!"

लोकांनी इकडंतिकडं पाहिलं. गल्लीत विज्ञान शिकलेला माणूस एकच होता. सरांच्या ते लक्षात आलं नाही. ते पुढं म्हणाले, "येत्या रविवारी मी स्वतः पहाऱ्यावर बसतो. मुलजिम तुमच्या हवाली करतो."

"अन् नाही भेटला तं?"

"तं तुमी म्हणान ते."

"मंग सोमवारी भानामती उतरवणारे बाबा येऊन राह्यले," रुक्माबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "ते सांगतीन कोणाच्या पायानं आली ते."

रुक्माबाईंचा खालचा आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता. त्यांनी अनुपला हाक मारली तर तीन घरं सोडून चौथ्या घरातला माणूस ओ द्यायचा. सरांनी दाराआड उभ्या असलेल्या दीक्षाकडं पाहिलं. पोरगी खाली मान घालून पदराशी चाळा करत होती. बिचारी! सोमवारी हिला गाठोडं बांधून माहेरी धाडणार. सरांना रात्री भाकर गेली नाही.

रविवारी सरांनी दाढीला सुट्टी दिली, काळी पँट चढवली, वर चॉकलेटी स्वेटर घातला आणि कुंपण ओलांडून पलीकडं गेले. दोरीवर गोधडी वाळत होती. तिच्या अलीकडं, आपल्या घराकडं पाठ करून, ते दबा धरून बसले. मुलजिम येणार तो यशवंतरावांच्या बाजूनं. आपल्या बाजूनं कोण येणार? आपल्या बाजूला तर आपलंच घर!

बराच वेळ काही झालं नाही. एक कोंबडी आली, सरांकडं पाहून निघून गेली. ऊन वर आलं. पाठीला छान ऊब लागत होती. थंडीच्या दिवसांत असं ऊन मिळायला नशीब लागतं, असं सरांना वाटलं. तेवढ्यात पलीकडं पावलं वाजली. सर गोधडीखालून पाहण्यासाठी पुढं वाकले. डोकं खाली गेलं आणि उरलेलं शरीर, साहजिकच, वर आलं.

पावलं दीक्षाची होती. ती दोरीपाशी आली, गोधडीचा कोपरा हातात घेतला, आणि थांबली. गोधडीखालून तिला सरांचं तोंड दिसलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. आणि त्याच क्षणी त्यांना पाठीच्या खाली कोणीतरी उदबत्ती टेकवल्यासारखं झालं. मग उदबत्तीचा पुडाच टेकवल्यासारखं झालं.

"मायबाई गऽऽ!"

सर उडाले ते कुंपणावर. कुंपणावरून आपल्या अंगणात. तिथून न्हाणीबाहेरच्या पाण्याच्या घंगाळात, बसूनच.

रूपाली धावत आली. "अवो, काऊन नाचून राह्यले? अन् माह्या आंघोळीच्या पाण्यात काऊन बसले?"

घंगाळात बसल्या बसल्या सर समोर पाहत होते. गोधडीवर एक लखलखता ठिपका होता, टिकलीएवढा. त्यातून निळसर धुराची रेघ निघत होती. सरांनी ठिपक्यापासून उलटं पाहत पाहत नजर मागं आणली. गोधडी, कुंपण, हवा, भिंत, खिळा. खिळ्यावर सरकारी आरसा सूर्याकडं तोंड करून ऐटीत बसला होता.

प्रकरण नववं. गोलीय आरशांवरून प्रकाशाचं परावर्तन. हे प्रकरण सर इतक्या वेळा शिकवून चुकले होते, की झोपेतसुद्धा त्याची आकृती काढू शकले असते.

"रूपाली," ते हळूच म्हणाले, "भानामती सापडली."

"कोण आहे?"

"मी."

रूपालीनं आरसा पाहिला, ठिपका पाहिला, नवऱ्याच्या पँटचं भोक पाहिलं. तिला समजायला सरांपेक्षा कमी वेळ लागला. "आरसा घरात घ्या अन् चूप बसा," ती म्हणाली. "शाळेचा आरसा दाढीले आणला हे वर कळलं तं? लोकायचे कपडे जाळले ते येगळंच!"

सर चूप बसले. म्हणजे पालथे पडले, कारण बसता येत नव्हतं. पण दुपारपर्यंत डोळ्यांसमोरून ती पोरगी जाईना. उद्या बाबा येणार, डोळे फिरवणार आणि बोट दाखवणार. आणि आपण इथं मलम लावून पडलोय! शेवटी सर उठले. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात जळकी पँट. रूपाली दारात आडवी आली, तिला म्हणाले, "विज्ञानाच्या माणसानं खरं बोललं पाहिजे." हे त्यांनी आजवर फक्त प्रार्थनेच्या वेळी सांगितलं होतं.

यशवंतरावांच्या अंगणात सरांनी सगळं कबूल केलं. उभ्यानंच.

रुक्माबाईंनी मान हलवली. "सार, तुमी लय चांगले आहा. पोरीले वाचवाले आपल्या अंगावर घेऊन राह्यले. आरशानं कुठं जळते? आरसा तं थंडा असते."

"थांब वो," यशवंतराव म्हणाले. त्यांच्यातला गिरदावर जागा झाला होता. "मुद्देमाल पेश करा."

सरांनी पँट दिली. यशवंतरावांनी आपलीही आणवली. दोन्ही पँटी बाजेवर शेजारी शेजारी अंथरल्या. भोक भोकाला जुळलं, जागा जागेला जुळली. मग सरांनी आरसा उन्हात धरला आणि वाळक्या पऱ्हाटीवर उजेड गोळा केला. धूर निघाला. यशवंतरावांनी स्वतःची काळी टोपी पुढं केली. टोपीतूनही धूर निघाला. ते इतके खूष झाले की त्यांनी आरसा आपल्या हातात मागून घेतला आणि एका मुंगळ्याचा पाठलाग सुरू केला.

"म्हंजे भानामती नव्हती?" रुक्माबाईंनी विचारलं.

"नव्हती."

"म्हंजे हिच्यात," त्यांनी दाराआडच्या दीक्षाकडं बोट केलं, "हिच्यात काईच नाही?"

"काहीच नाही, बाई! साधी पोरगी आहे. तुमी उगाच भिऊन राह्यल्या होत्या." आपण एक संसार वाचवला, असं सरांना वाटलं.

रुक्माबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. तो बाहेर आला तेव्हा चौथ्या घरातल्या माणसानं ओ दिली.

"मंग उठ नं वो भवाने! दारामांगं काय उभी हायेस? इतके दिवस हिच्या भेवानं मी भांडे घासून राह्यली, मी पाणी भरून राह्यली, हिले हातात चहा आणून देऊन राह्यली! अन् हिच्यात काईच नाही म्हंते! चहा मांड सारसाठी! मंग ते ज्वारी निवड! अन् सकाळपासूनचे भांडे तसेच हायेत!"

दीक्षानं सरांकडं पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. आरशाशिवायही काहीतरी पेटू शकतं, हे सरांना तेव्हा कळलं.

संध्याकाळी सर न्हाणीच्या भिंतीतला खिळा उपटत होते. कुंपणापलीकडून हाक आली.

"सार."

दीक्षा होती. हात राखेनं भरलेले, काखेत भांड्यांची टोपली.

"तुमाले कोनं सांगतलं होतं मधात पडाले?"

सर गोंधळले. "अगं, तुले माहेरी धाडत होते."

"धाडतात कायचे! बाबा येवाच्या आधीच सासूबाई माह्या पाया पडून राह्यल्या होत्या." तिनं टोपली खाली ठेवली. "तुमी वळखलं नाही मले. आधी उटनूरच्या शाळेत होते नं तुमी? मी दहावीत तुमच्याच वर्गात होती. तिसऱ्या बाकावर. अंतर्गोल आरसा तुमीच शिकवला. फळ्यावर काढला होता. खरा कधी दाखवलाच नाही, तो मले इथं सासरी येऊन पाहाले भेटला."

सरांच्या हातातला खिळा पडला. "म्हणजे तुले माहीत होतं?"

"पहिल्या पातळालेच समजलं. दोरी थोडी दूर होती, म्हणून नुसतं भोक पडलं, पेट घेतला नाही. मंग मी सरकवली, नाभीवर, सगळा उजेड गोळा होते तिथं. दर दोन दिवसानं जरा जरा सरकवा लागे, सूर्य जागा बदलते नं! अन् काळे कपडे मधात, पांढरे बाजूले." तिनं राखेचे हात पदराला पुसले. "तुमच्या पँटीचं मातर मी केलं नाही, सार. तुमी स्वतः येऊन वाकले. मी सांगणार होती, तं तुमी बोट ठेवलं ओठावर."

तिनं टोपली उचलली आणि गेली. सर कुंपणापाशी उभे राहिले. त्यांनी रागवायला हवं होतं. निदान शरमायला तरी. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत आपलं शिकवलेलं कोणाच्या तरी डोक्यात शिरलं, राहिलं आणि उपयोगी पडलं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. ते घरात गेले तेव्हा रूपालीनं विचारलं, "काय झालं? रडून राह्यले का हसून?"

आरसा कपाटात परत गेला. या खेपेला मात्र सरांनी आधी तो दहावीच्या पोरांना मैदानात नेऊन दाखवला. पोरांनी पहिल्याच तासाला शाळेची सतरंजी जाळली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सर ओसरीवर चहा पीत होते. आता त्यांना बसता येत होतं. शेजारून रुक्माबाईंची किंकाळी आली.

"अवो धावा! भात निळा पडला! झाकून ठेवला होता, चांगला पांढराफेक होता, अन् कसा जांभळा निळा होऊन राह्यला पाहा!"

गल्ली धावली. यशवंतराव थाळी घेऊन थेट सरांच्या ओसरीवर आले. सरांनी थाळीत वाकून पाहिलं. थंड भातावर जागोजागी गडद निळे ठिपके होते. जखमेवर लावायच्या तांबड्या औषधाचा वास येत होता, अगदी हलकासा. पिष्टमय पदार्थ आणि आयोडीन. हेही त्यांनी उटनूरलाच शिकवलं होतं, फळ्यावर.

"सार, हे कायनं झालं असंल?" यशवंतरावांनी विचारलं. गल्ली श्वास रोखून उभी होती. दारात दीक्षा खाली मान घालून पदराशी चाळा करत होती.

सरांनी चहाचा घोट घेतला. थाळी परत दिली. फार गंभीर चेहरा करून मान हलवली.

"यशवंतराव, काय सांगावं," ते म्हणाले. "विज्ञानाले तरी सगळंच कुठं समजते?"

पलीकडून रुक्माबाईंचा आवाज आला, अगदी खालचा, सायीसारखा मऊ. "दीक्षा बेटा, तू बस. भांडे मी घासते."